तळ्याकाठचे उतारवय

नोकरीची शेवटची वर्षे जवळ आली, की पुढे कोठे राहावे हा प्रश्न घरात निघू लागतो. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीयाला त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नसे. कोकणातले घर भावाकडे राहिलेले, मुंबईची जागा भाड्याची; तेव्हा पुण्यास दोन-तीन खोल्या बांधाव्यात, सकाळी पर्वतीची वाट धरावी आणि संध्याकाळी समवयस्कांत बसून सरकारचे कोठे चुकते ते सांगावे. पुण्याला 'पेन्शनरांचे गाव' म्हणू लागले ते ह्यामुळेच. ह्या निवडीत धाडस थोडे आणि हिशेब फार. हवा कोरडी, डॉक्टर जवळ, नातलग हाकेच्या अंतरावर.

एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात हयात घालविलेल्या इंग्रजापुढे मात्र हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राही. ज्याला तो 'घर' म्हणे त्या इंग्लंडमध्ये त्याला ओळखणारे कोणी उरलेले नसे. तेथील महागाईत पेन्शन पुरेल की नाही याची धास्ती असे. उलट मैदानातला उन्हाळा म्हातारपणी सोसणे शक्य नव्हते. अशा माणसाची नजर हिमालयाकडे वळे; आणि हिमालयात थंडी हवी, झाडी हवी, पाणी हवे, शिवाय मायदेशाची थोडी आठवण यावी असे काही हवे, म्हटले की ती नजर कुमाऊँच्या तळ्यांवर येऊन थांबे. नैनीताल, भीमताल, सातताल, नौकुचियाताल ही सारी तळी काही मैलांच्या टापूत आहेत. त्यांत नैनीताल सर्वांत उंच. त्याचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६,३५० फुटांवर आहे आणि तिन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरल्यासारखे दिसतात.

ही ओढ केवळ खाजगी नव्हती. तिला धोरणाचाही पाठिंबा होता. नेपाळात अनेक वर्षे ब्रिटिश रेसिडेंट असलेला आणि पुढे दार्जिलिंगला राहून हिमालयातील भाषा, पशू व पक्षी यांचा अभ्यास करणारा ब्रायन हॉजसन याने १८५६ मध्ये हिमालयात युरोपियनांनी वसाहत करावी असे आग्रहाने प्रतिपादिले. आयर्लंड व स्कॉटलंडमधील उपाशी शेतकऱ्यांना हे डोंगर द्यावेत, म्हणजे त्यांचे पोट भरेल व राज्यही सुरक्षित होईल, असा त्याचा विचार होता. त्या डोंगरांत आधीच कोणी राहत आहे, ही गोष्ट ह्या विचारात फारशी आड येत नव्हती. १८५८ मध्ये, बंडाची धग विझण्यापूर्वीच, ब्रिटिश पार्लमेंटने हिंदुस्थानातील वसाहतीच्या प्रश्नावर एक समिती नेमली आणि साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. गंमत अशी, की ज्या वर्षी ही समिती बसली त्याच वर्षी हॉजसन स्वतः दार्जिलिंग सोडून इंग्लंडला निघून गेला. पुढची छत्तीस वर्षे तो जगला, पण हिमालयात परत राहावयास आला नाही.

कुमाऊँ इंग्रजांच्या ताब्यात आले ते १८१५ मध्ये, गुरख्यांचा पराभव करून. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे तेथील कारभार पाहणारा जॉर्ज ट्रेल याने १८२३ च्या सुमारास नैनीतालचे तळे पाहिले होते, असे मानतात. पण त्याने त्याची वाच्यता केली नाही. लोकांना ते स्थान पवित्र वाटते आणि गोरे लोक तेथे आले तर ते विटाळेल, ही जाणीव त्याला होती, असे या मौनाचे कारण सांगितले जाते. एखाद्या अधिकाऱ्याने आपल्याला सापडलेली सुंदर जागा सरकारी कागदात येऊ देऊ नये, ही गोष्ट विरळाच. आणि ट्रेलच्या कीर्तीत तिला मिळावे तितके स्थान मिळालेले नाही.

ज्यांचे ते तळे होते ते लोक तेथे राहत नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सतीचे नेत्र जेथे पडले ते हे स्थान, अशी श्रद्धा होती. पुराणात अत्री, पुलस्त्य व पुलह या तीन ऋषींशी त्याचा संबंध जोडलेला आहे. वर्षातून एकदा देवीची जत्रा भरे. उन्हाळ्यात गुराखी जनावरे घेऊन येत आणि थंडी पडू लागली की उतरत. घरे आणि शेते होती ती अन्यत्र, उन्हाकडे तोंड करून असलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारांवर. शिवाय खालच्या डोंगरांतील पुष्कळ कुटुंबांना दोन घरे असत. उन्हाळा-पावसाळा वरच्या गावात आणि हिवाळा खाली भाबरात, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जंगलपट्टीत. वर बर्फ पडे तेव्हा भाबरात ऊन असे. भाबरात हिवतापाचे दिवस आले की माणसे पुन्हा वर चढत. 'कोठे राहावे' या प्रश्नाला कुमाऊँनी माणसाने एका गावाचे नाव कधी दिलेच नव्हते. त्याचे उत्तर ऋतूप्रमाणे बदलत असे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र बाराही महिने एकच खिडकी हवी होती, आणि त्या खिडकीतून तळे दिसावयास हवे होते.

तो पाहुणा १८४१ मध्ये आला. पी. बॅरन हा शहाजहानपूरकडील साखरेचा व्यापारी. भटकण्याची त्याला हौस होती आणि 'यात्रेकरू' या अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने तो वर्तमानपत्रात लिहीत असे. वाटाडे तळ्याचा ठावठिकाणा सांगेनात, तेव्हा त्याने केलेली युक्ती त्यानेच लिहून ठेविली आहे. त्याने एका डोंगरी माणसाच्या डोक्यावर मोठा धोंडा ठेवला आणि सांगितले, "नैनीतालला दगड नाहीत, तेव्हा हा तेथपर्यंत वाहून ने." काही अंतर चालल्यावर ओझ्याने बेजार झालेला तो बापडा म्हणाला, की तेथे दगडांना काय तोटा आहे! रस्ता ठाऊक नाही म्हणणाऱ्याने अशा रीतीने तळे पाहिल्याची कबुली दिली.

पुढच्या खेपेस बॅरनने डोंगरावर होडी चढवून आणली. या तळ्यावरची ती पहिलीच. तेथील जमिनीवर नरसिंग नावाच्या थोकदाराचा, म्हणजे त्या भागातील वतनदार मुखत्याराचा, हक्क होता आणि तो हक्क सोडावयास तयार नव्हता. बॅरनने त्याला होडीतून फेरफटका मारण्यास बोलाविले, तळ्याच्या मध्यभागी नेले, आणि सही कर नाही तर येथेच सोडतो, असे सांगितले. नरसिंगाला पोहता येत नव्हते. त्याने खिशातल्या वहीवर सही केली. पुढे त्याला पाच रुपये महिना पगारावर तेथेच पटवारी नेमण्यात आले. ही कथा सरकारी गॅझेटियराने नोंदविली आहे ती एक मौज म्हणून. मराठी वाचकाला येथे महाबळेश्वरची आठवण होईल. जॉन माल्कमने १८२९ मध्ये महाबळेश्वरचे पठार साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून घेतले ते निदान तहाने आणि वाई प्रांतातील खंडाळे गाव मोबदल्यात देऊन. तो सौदा बरोबरीचा होता असे कोणी म्हणणार नाही, पण त्यात दोन्ही पक्ष जमिनीवर उभे होते.

यानंतर नैनीताल झपाट्याने वाढले. बॅरनने स्वतःचे घर बांधले. त्याचे बांधकाम करणाऱ्या मोतीराम शाह यांनी तळ्याकाठी देवीचे मंदिर उभारले. १८४४ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन येथे आले तेव्हा त्यांना जंगलाच्या कडेला एका अर्धवट बांधलेल्या घरात रात्र काढावी लागली. पुढे जे चर्च झाले त्याला 'रानातला सेंट जॉन' अशा अर्थाचे नाव मिळाले, त्याचे मूळ ह्या रात्रीत आहे. १८५७ मध्ये रोहिलखंडातून पळालेल्या इंग्रज कुटुंबांनी नैनीतालचाच आसरा घेतला आणि ही जागा सुरक्षित आहे ही भावना पक्की झाली. पुढे वायव्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे येऊ लागले. सरकार आले की बाजार येतो, शाळा येतात, क्लब येतो. आणि या साऱ्यांच्या मागोमाग पेन्शनर येतो. १८८४ मध्ये काठगोदामपर्यंत रेल्वे पोहोचली. पण त्याआधीची माणसे डांडीत बसून किंवा तट्टावरून चढली होती, आणि एकदा एवढे चढून आलेला वृद्ध मनुष्य सहसा उतरण्याचा विचार करीत नसे.

जागा निवडताना हे लोक काय पाहत, ते घरे कोठे बांधली यावरून कळते. दक्षिणेकडे तोंड केलेला, दिवसभर ऊन मिळणारा, खाली तळे दिसणारा उतार सर्वांना हवा असे. असा उतार उत्तर बाजूच्या डोंगराला होता. त्या बाजूच्या एका कड्याचे नाव शेर-का-डांडा, त्याच्या शेजारी आल्मा टेकडी. समोरच्या अयारपाट्ट्याच्या बाजूला झाडी दाट, सावली फार आणि हिवाळ्यात गारठा अधिक. म्हणून तेथील मागणी कमी. ऊन आणि देखावा या दोन गोष्टींचे मोल सर्वांना कळत होते. तिसरी गोष्ट पायाखाली होती. शेर-का-डांड्याचा उतार ठिसूळ पाटीच्या दगडाचा आहे आणि खुद्द तळ्याखालून भूस्तराचा भंग गेलेला आहे. झाडी तोडली, उतार कापला आणि घराघराचे सांडपाणी डोंगरात मुरू दिले, की अशा दगडात काय होते, याचा इशारा १८६६ मध्येच आल्मा टेकडीवरील दरडीने दिला होता. तेव्हा समिती नेमली गेली, काही नाल्या बांधल्या गेल्या आणि घरे बांधणे चालू राहिले.

त्या घरांपैकी काही मेरी जेन कॉर्बेट हिच्या हाताखालून गेली होती. हिचे चरित्र नैनीतालच्या इतिहासात एका तळटीपेपुरते येते. पहिला नवरा डॉक्टर; तो बंडाच्या धामधुमीत मारला गेला. पदरी मुले. १८५९ मध्ये तिने ख्रिस्तोफर कॉर्बेट या, स्वतःही विधुर असलेल्या, गृहस्थाशी लग्न केले. १८६२ मध्ये तो नैनीतालचा पोस्टमास्तर झाला. पोस्टमास्तरचा पगार आणि भरलेले घर यांचा मेळ बसेना, म्हणून मेरी जेनने जमिनीचे तुकडे घेणे, घरे बांधविणे, उन्हाळ्यासाठी येणाऱ्या कुटुंबांना ती भाड्याने लावून देणे हा उद्योग सुरू केला. घराचा दलाल हा शब्द आज प्रतिष्ठेने वापरला जात नाही, पण त्या गावात हा व्यवसाय रीतसर करणारी पहिली व्यक्ती एक पोस्टमास्तरीण होती. दुसऱ्यांना कोठे राहावे हे सांगणाऱ्या या बाईचे स्वतःचे घर आल्मा टेकडीच्या बाजूस होते. ख्रिस्तोफर १८७८ मध्ये निवृत्त झाला. कालाढुंगीला, म्हणजे भाबराच्या कडेला, त्याला कमिशनर रॅम्झेकडून जमीन मिळाली होती आणि तेथे हिवाळ्याचे घर होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सारे कुटुंब सामानसुमानासह पंधरा मैल खाली उतरे आणि उन्हाळा जवळ आला की परत चढे. कुमाऊँनी माणसाची रीत या एका गोऱ्या कुटुंबाने उचलली होती. तिला शहाणपणाबरोबर काटकसरीचेही कारण असावे.

१८८० च्या सप्टेंबरात नैनीतालला पाऊस लागला. गुरुवार, तारीख १६ पासून तो थांबेना. शनिवार-रविवारपर्यंत सुमारे ३३ इंच पडल्याची नोंद आहे. पुण्यात साऱ्या वर्षात पडतो त्याहून हा अधिक. शनिवारी, १८ तारखेस, सकाळी शेर-का-डांड्याच्या उतारावरील व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागे एक लहानशी दरड कोसळली. हॉटेलचा एक भाग आणि चाकरांची घरे तिच्याखाली गेली. माणसे गाडली गेली हे कळताच अधिकारी, शिपाई, मजूर, हाती कुदळ लागली तो प्रत्येक जण, तेथे धावला. भर पावसात उपसण्याचे काम चालू झाले. दुपारी दीडच्या सुमारास वरचा सगळा उतार एकदम सुटला. हॉटेल, त्याच्याखालचे दुकान, तळ्याकाठचे सभागृह आणि देवीचे मंदिर हे सर्व पाण्याच्या दिशेने गेले. पाहणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे या साऱ्याला काही क्षणच लागले. १५१ माणसे मेली. त्यांत ४३ युरोपियन व अँग्लो-इंडियन आणि १०८ हिंदी. मेलेल्यांपैकी कितीतरी जण सकाळच्या दरडीतून दुसऱ्यांना काढावयास आले होते.

'रानातल्या सेंट जॉन'मध्ये त्या दिवशी मेलेल्यांची नावे पितळी पट्टीवर कोरलेली आहेत. ती त्या ४३ जणांच्या बाजूची. उरलेल्या १०८ जणांत चाकर होते, मजूर होते, उपसावयास आलेले शिपाई होते. तळे दिसणारी खिडकी त्यांच्यापैकी कोणी निवडली नव्हती. देवीचे मंदिर १८८३ मध्ये पुन्हा बांधले गेले. दरडीने तळ्याच्या टोकाशी जी माती आणून टाकली तिने तेथील मैदानाचा विस्तार वाढला. आज त्या 'फ्लॅट्स'वर मुले खेळतात आणि मोटारी उभ्या राहतात.

आपत्तीनंतर सरकारने केलेले काम मात्र थोर म्हणावे लागेल. डोंगर अडविता येत नाही, पण डोंगरात मुरणारे पाणी अडविता येते, हे तत्त्व धरून उतारावर दगडी नाल्यांचे जाळे विणण्यात आले. भूशास्त्रज्ञांना पाचारण झाले. १८९० मध्ये मिडलमिसने आणि १८९७ मध्ये हॉलंडने येथील खडकांचे अहवाल दिले. शेर-का-डांड्यावरच्या लाटसाहेबांच्या घराला तडे दिसू लागले तेव्हा ते सोडून द्यावे लागले आणि पलीकडच्या बाजूस नवे राजभवन बांधण्यात आले. १८९७ ते १९०० च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या त्या वास्तूच्या आराखड्याचे श्रेय एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सला देतात. बोरीबंदरचे स्टेशन ज्याने उभे केले तोच हा. मुंबईच्या माणसाला त्या राजभवनाची कमानी-मनोऱ्यांची ठेवण ओळखीची वाटते, ती यामुळे. १९२७ पासून डोंगराच्या सुरक्षिततेसाठी एक कायम समितीही नेमलेली होती. कोठे घर बांधावे याचा निर्णय आता खिडकीवरून होणार नव्हता, नालीवरून होणार होता. इंग्रजी अमदानीतील लेखकांनी नैनीतालच्या नौकांच्या शर्यतींवर पाने खर्च केली आहेत. या नाल्यांवर थोडी अधिक केली असती तर बरे झाले असते.

मेरी जेन कॉर्बेटला समिती नेमण्यास वेळ नव्हता. दरड तिच्या घराजवळून गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८१ मध्ये, ख्रिस्तोफर मरण पावला. धाकटा जिम तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. तिने आल्मा टेकडी सोडली. जुने घर उतरवून त्याचे सामान पलीकडे नेले, असे सांगतात. सावलीच्या, गारठ्याच्या, मागणी नसलेल्या अयारपाट्ट्यावर तिने नवे घर बांधले. त्याचे नाव गर्नी हाउस. देखावा आणि ऊन सोडून तिने खडक घेतला. घरांच्या धंद्यात वीस वर्षे काढलेल्या बाईचे हे मत त्या काळच्या कोणत्याही अहवालाइतकेच वजनदार मानावयास हरकत नाही. १९२४ मध्ये ती वारली. ते घर आजही उभे आहे.

त्यांना जमीन देणारा हेन्री रॅम्झे हा या कथेतला दुसरा माणूस. १८५६ ते १८८४ अशी अठ्ठावीस वर्षे तो कुमाऊँचा कमिशनर होता. त्याला 'कुमाऊँचा राजा' म्हणत आणि डोंगरी लोकांनी त्याच्या नावाचे 'रामजी साहेब' करून टाकले होते. भाबरात कालवे काढून त्याने तेथील वस्ती वाढविली, म्हणजे लोकांचे हिवाळ्याचे घर पक्के केले. स्वतःसाठी त्याने तळ्याचा काठ निवडला नाही. अल्मोड्याच्या पुढे बिनसरच्या रानात त्याने घर केले होते. त्याला नंदादेवीचे शिखर दिसावे आणि साहेबी समाज फारसा दिसू नये, असे वाटत असावे. निवृत्त झाल्यावर इतरांप्रमाणे तो बोटीत चढला नाही. काही वर्षे कुमाऊँतच राहिला. आयुष्याच्या अगदी शेवटी त्याला इंग्लंडला जावे लागले आणि १८९३ मध्ये तो तेथे मरण पावला. वृद्धत्वात माणसाचा मुक्काम अखेर त्याची सेवा करणारे ठरवितात, हे राजालाही चुकले नाही.

आता ह्या तळ्यांभोवती निवृत्तांची जी नवी लाट आली आहे ती हिंदी माणसांची. दिल्ली-लखनौचे अधिकारी, डॉक्टर, सैन्यातून परतलेले लोक भीमताल, नौकुचियाताल, रामगढ ह्या बाजूस घरे बांधतात. जाहिरातीत पुन्हा तेच ऊन आणि तोच देखावा असतो. तळे मात्र शंभर वर्षांपूर्वीचे राहिलेले नाही. २००७ पासून नैनीतालच्या पाण्यात यंत्राने हवा सोडावी लागते, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात त्याची पातळी इतकी उतरली की काठ उघडे पडले. जमिनीचा प्रश्नही नरसिंगाच्या होडीपासून आजपर्यंत मिटलेला नाही. २००० मध्ये उत्तराखंड स्वतंत्र राज्य झाले. तेथे बाहेरच्या माणसाने नगरहद्दीबाहेर घरासाठी किती जमीन घ्यावी यावर २००३ मध्ये ५०० चौरस मीटरांची मर्यादा आली; २००७ मध्ये ती २५० वर आणली गेली. २०२५ च्या कायद्याने हरिद्वार व उधमसिंगनगर हे दोन जिल्हे वगळून बाकीच्या अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची आणि फळबागांची जमीन घेण्यास मनाई केली. बाहेरून येणाऱ्या सज्जन वृद्धाला हे नियम जाचक वाटतात. परंतु डोंगरी गावातून तरुण मुले नोकरीसाठी खाली उतरत आहेत, आणि त्यांच्या ओसाड पायऱ्यांवर परक्याचे बंगले चढत आहेत. हे पाहणाऱ्याला ते नियम उशिराच आले असे वाटल्यास त्याला चूक म्हणता येणार नाही. नरसिंगाला असा एखादा कायदा हाताशी असता तर तो होडीत कशाला बसला असता?

मेरी जेनच्या धाकट्या मुलाची, जिम कॉर्बेटची, गोष्ट सर्वांना ठाऊक आहे ती नरभक्षक वाघांमुळे. त्याच्या निवृत्तीची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बिहारात मोकामा घाटावर वीस वर्षांहून अधिक काळ रेल्वेचा माल चढविण्या-उतरविण्याचा मक्ता चालवून तो परतला आणि बहीण मॅगी हिच्यासह गर्नी हाउसमध्ये राहू लागला. लग्न दोघांनीही केले नव्हते. उन्हाळा नैनीतालला, हिवाळा कालाढुंगीला, हा आईने घालून दिलेला क्रम चालू होता. नैनीतालच्या नगरपालिकेत त्याने काम केले. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाची ओसाड पडलेली जमीन त्याने १९१५ मध्ये विकत घेतली, कुळे वसविली, जंगली जनावरांपासून पिके वाचविण्यासाठी सभोवार दगडी भिंत घातली. माणसाने कोठे म्हातारे व्हावे याची इतकी पक्की तयारी क्वचितच कोणी केली असेल. जन्म तेथला, घर भक्कम खडकावर, हिवाळ्याची सोय खाली, लोकांची भाषा आपली आणि लोकांचे प्रेमही आपले.

आणि तरीही १९४७ च्या अखेरीस, बहात्तराव्या वर्षी, त्याने गर्नी हाउस विकले. राज्य बदलले होते. पाठीमागे बहीण एकटी राहिली तर तिचे काय होईल, ही त्याची काळजी होती. केनियात आप्त होते. आपल्यासाठी नव्या हिंदुस्थानात जागा नाही, असे त्याला वाटले. ते खरे होते काय? ज्या सरकारच्या भीतीने तो गेला त्याच सरकारने दहा वर्षांत कुमाऊँच्या पायथ्याशी असलेल्या राष्ट्रीय उद्यानाला त्याचे नाव दिले. त्याच्या गावच्या लोकांनी तर त्याला जाऊ नये असेच म्हटले असते. पण ज्या सत्तेच्या सावलीत तीन पिढ्या वाढल्या तिच्याशिवायही आपल्याला येथे कोणी आपले म्हणेल, हा विश्वास बांधणे खडकावर घर बांधण्यापेक्षा कठीण होते. डिसेंबरात भाऊ-बहीण मुंबईच्या बंदरातून मोंबासाच्या बोटीत चढली.

केनियातील न्येरी येथे, केनिया पर्वताच्या समोर, एका हॉटेलच्या आवारातील लहान घर त्यांना मिळाले. बालवीर चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल याने आपल्या शेवटच्या दिवसांसाठी ते बांधविले होते आणि १९४१ मध्ये तो तेथेच वारला होता. त्या घरात बसून कॉर्बेटने कालाढुंगीच्या जंगलावर आणि 'माझा भारत' म्हणून कुमाऊँच्या व मोकामाच्या गरीब माणसांवर पुस्तके लिहिली. न्येरीलाही थंडी होती, झाडी होती, बर्फाचे शिखर दिसत होते. तळे नव्हते. १९ एप्रिल १९५५ रोजी तो तेथे मरण पावला आणि बेडन-पॉवेलच्याच कबरस्तानात त्याला पुरण्यात आले.

जाण्यापूर्वी छोटी हल्द्वानीची जमीन त्याने कुळांना देऊन टाकली होती. तिचा सरकारी सारा मात्र तो केनियातून दरवर्षी भरीत राहिला, असे गावकरी सांगतात.